शाकाहारी गळ

रविवार, ५ ऑक्टोबर. सकाळ.

आजपासून रोजनिशी. बँकेतून निवृत्त झाल्यापासून माझे बरेच विचार नोंद न होता वाया जातायत, हे लक्षात आलं.

पहिली नोंद महत्त्वाची. नाश्त्याला रुचा म्हणाली, बाबा, मी लग्न करतेय. मुलगा पंकज भिंगारदिवे. सुप्याच्या एमआयडीसीत इंजिनिअर. कॉलेजपासून ओळख. सौ. पोहे वाढत होती. तिचा हात थांबला नाही, म्हणजे तिला आधीच माहीत होतं. या घरात मला सगळं शेवटी कळतं. पण निर्णय माझाच असतो.

मी अत्यंत शांतपणे म्हणालो, उत्तम. मी जातपात मानत नाही.

रुचा म्हणाली, मी जातीचं काही बोललेच नाही.

मी म्हणालो, मीही नाही.

विषय चांगल्या वातावरणात संपला. पोहे दुसऱ्यांदा मागायचे राहिले.

रविवार, १२ ऑक्टोबर.

पंकजचे आईवडील आज आपल्या नगरच्या, सावेडीतल्या घरी आले. वडील महेंद्रराव पाटबंधारे खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त. आई यशोधराबाई सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या. आता दोघं पारनेरकडच्या गावी राहतात. माणसं सुसंस्कृत. पंकज नम्र. बसताना चपला ओळीत लावून बसला. मी बारकाईने बघत होतो, पण आक्षेपार्ह काही सापडेना. याने माणूस अस्वस्थ होतो.

सुदैवाने छंदांचा विषय निघाला. महेंद्रराव दर रविवारी गावच्या पाझर तलावावर गळ टाकून बसतात. मरळ धरतात. मी विचारलं, आमिष काय लावता? म्हणाले, बारके जिवंत मासे. पाठीतून गळ ओवायचा, पाण्यात सोडायचा, तो पोहत राहतो आणि मरळ येते.

मी कप खाली ठेवला.

मंडळी गेल्यावर सौ.ला स्पष्ट सांगितलं. मुलगा चांगला, घर चांगलं. पण जिवंत जिवाच्या पाठीत लोखंड ओवणाऱ्या घरात मुलगी द्यायची? सौ. म्हणाली, रुचाला कुणी गळाला लावत नाहीये. म्हटलं, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, तुम्हाला प्रश्न सापडला याचाच आनंद झालाय, तोंडावर दिसतोय.

नीलांबरीला (म्हणजे सौ.ला) तत्त्वं कधीच कळली नाहीत.

मंगळवार, १४ ऑक्टोबर.

दिवसभर संशोधन. यूट्यूबवर एक जाडा, टोपीवाला अमेरिकन आहे. तिकडे क्रॅपी नावाचा मासा असतो. आपल्याकडे नसतो, पण तत्त्व तेच. त्या क्रॅपीला जिवंत मासा लावायचा की मऊ प्लॅस्टिकचा, यावर त्या लोकांत भाऊबंदकीसारखे दोन तट आहेत. प्लॅस्टिकचा मासा हुबेहूब शेपूट हलवतो. मरत नाही, वास मारत नाही, पुन्हा पुन्हा वापरता येतो.

इंग्रजी अर्धंच कळलं, पण मुद्दा डोक्यात लख्ख. प्लॅस्टिक म्हणजे शाकाहारी आमिष! धरलेला मासा परत सोडून दिला की संपूर्ण मासेमारीच शाकाहारी. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कुणी मासा हातात धरला नाही. मी धरीन, आणि तरी शाकाहारी राहीन.

संकल्प: (एक) महेंद्ररावांना रबरावर आणायचं. (दोन) ते रबरावर आले की माझी हरकत संपली. (तीन) तोपर्यंत लग्नाची तारीख नाही.

सौ. म्हणाली, चौथा संकल्प दूध आणायचा करा.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर.

पार्सल आलं. रॉड, रीळ, गमबूट, आणि पाकिटभर रबरी मासे. फार सुंदर. एक तर हिरवा, चमचमणारा, पैठणीच्या काठासारखा.

अडचण. पाकीट उघडताच घरभर लसणाचा वास. पाकिटावर लिहिलंय की माशांना आवडतो म्हणून रबरात लसणाचा अर्क घातलाय. चातुर्मास चालू! आपल्याकडे कांदा-लसूण बंद. सौ.ने मासे चिमट्याने उचलून बाल्कनीत ठेवले.

आमच्या गुरुजींना फोन करून विचारलं, की लसणाचा वास असलेलं रबर चातुर्मासात घरात चालतं का. त्यांनी प्रश्न दोनदा सांगायला लावला. मग म्हणाले, रबर खाणार कोण? म्हटलं, मासा. म्हणाले, मग माशाला विचारा. आणि फोन ठेवला. हल्ली शास्त्राचा अभ्यास कमी झालाय.

रविवार, २६ ऑक्टोबर. दुपारी, तळ्याच्या काठावरून.

दिवाळी आटोपली. आज पहिली स्वारी. सुप्यापर्यंत मी आपल्या गाडीने, तिथून पंकज वाट दाखवायला. तळं भरलेलं. काठाला बाभळी, पलीकडे ज्वारी. महेंद्रराव आधीच बसलेले. बादलीत त्यांचे बारके मासे फिरत होते. मी बादलीकडे पाठ करून बसलो.

मी सूचकपणे सगळं स्पष्ट केलं. म्हणालो, महेंद्रराव, शेवटी काय टिकतं ते बघू या. ते म्हणाले, हो, बघू या की. म्हणजे स्पर्धेला त्यांची मान्यता मिळाली. करार तोंडी आहे, पण सभ्य माणसांत तेवढा पुरतो.

निकाल: महेंद्रराव, मरळ एक. मी, बाभूळ दोन. शिवाय माझी टोपी. ती मी स्वतःच डोक्यावरून उचलून तळ्यात टाकली, गळासकट. फेकण्याचा जोर चांगला होता, हे महेंद्ररावांनीही मान्य केलं.

त्यांची आई, आक्काबाई, काठी टेकत तळ्यावर आल्या. त्यांचं वय त्यांनाही माहीत नाही. माझा हिरवा मासा हातात घेऊन दाबला, ताणला, हुंगला.

पाव्हनं, ह्ये रबर हाय व्हय? म्हणाल्या. आन् लसनाची फोडनी दिल्याली?

मी तत्त्व समजावलं. त्या म्हणाल्या, माशाला लई येडं समजता तुमी. बरं, चला, भाकरी खाऊन घ्या.

मला अचानक ॲसिडिटी जाणवली. निव्वळ योगायोग.

रविवार, २ नोव्हेंबर.

आज एकादशी. तसं त्यांच्या घरी पोचल्या पोचल्या जाहीर केलं, म्हणजे जेवणाचा आग्रह नको. पण आक्काबाईंना कुठून तरी आधीच कळलेलं. त्यांनी माझ्यासाठी मुद्दाम भगर आणि दाण्याची आमटी करायला लावली होती. त्यांच्याकडे एकादशी कुणी करत नाही. ताट पुढे आलं, त्यावर स्वच्छ झाकण.

मी म्हणालो, माझी निर्जळी असते.

पंकज तिथेच उभा होता. तासाभरापूर्वी सुप्याच्या टपरीवर त्याने मला चहा पिताना पाहिलं होतं. दोन कप.  तो ताट उचलून आत घेऊन गेला. मुलगा समंजस आहे. अशी समंजस माणसं पुढे जड जातात.

मासेमारी: महेंद्रराव, मरळ एक, चिलापी बऱ्याच. मी, बाभूळ एक. प्रगती आहे.

सोमवार, ३ नोव्हेंबर.

पुण्याहून मावसभाऊ सुहासचा फोन. त्याला बातमी लागलीय. सुस्कारा टाकून म्हणाला, नृसिंह, तुझं दुःख मी समजू शकतो.

मी म्हणालो, दुःख वगैरे नाही. फक्त आमिषाचा प्रश्न आहे. ते जिवंत मासे लावतात.

तो म्हणाला, बरोबर. लोकांना असंच सांग. माशाचं कारण चांगलं आहे.

मी म्हणालो, कारण नव्हे, तेच खरं आहे. तो म्हणाला, हो रे हो, तेच. आणि हसला. ते हसणं मला आवडलं नाही. आपण दोघं एका बाजूला असल्यासारखा हसला. मी मुळीच त्याच्या बाजूला नाही. माझी बाजू रबराची आहे.

दुपारी झोप लागली नाही. ॲसिडिटी असावी. या वेळी खरी.

रविवार, ९ नोव्हेंबर.

आज जवळपास यश. जाडा अमेरिकन म्हणतो, रबर हळू ओढा, थांबा, पुन्हा ओढा. तसंच केलं. एकदम जबरदस्त ओढ! रॉड वाकला. मी ओरडलो, लागला, लागला!

काठाकडच्या झुडपात म्हैस होती. गळ तिच्या दाव्यात अडकला होता. ती घाबरून गावाकडे निघाली, रॉड तिच्यामागे, मी रॉडमागे, पंकज माझ्यामागे. मारुतीच्या पारापर्यंत गेलो. पारावरच्या मंडळींनी विचारलं, पाव्हनं, काय धरलं? मी म्हणालो, प्रयोग चालू आहे.

पंकजने म्हैस शांत करून दाव्यातून गळ काढला. माझा श्वास बसेपर्यंत मला पारावर बसवून पाणी आणायला गेला. मी म्हणालो, नको, तहान नाही. घसा पार कोरडा पडला होता.

येताना गाडीत त्याला म्हणालो, गैरसमज नको, माझा विरोध तुला नाही, जिवंत आमिषाला आहे. तो समोर रस्त्याकडे बघत म्हणाला, हो काका, रुचाने सांगितलंय. सगळं सांगितलंय.

सगळं म्हणजे काय, ते विचारायचं राहून गेलं.

रविवार, १६ नोव्हेंबर.

शत्रुपक्षाचा अभ्यास करायचं ठरवलं. महेंद्ररावांकडून मूठभर जिवंत मासे बादलीत मागून आणले. तुलनेसाठी. त्यांना आनंद झाला. म्हणाले, न्या की, जीव रमेल. कुणाचा जीव, ते कळलं नाही.

बाथरूममध्ये बादली ठेवलीय. हवेचे बुडबुडे सोडणारं छोटं यंत्रही बाजारातून आणलं. माशांना नावं ठेवायची नाहीत, असं पक्कं ठरवलं होतं, कारण प्रयोगात भावना नको. संध्याकाळपर्यंत ठेवली गेली. सगळी माझ्या जुन्या वरिष्ठांची. एक सतत तळाशी बसून असतो, तो ऑडिट. एक विनाकारण इकडून तिकडे पळतो, तो झोनल मॅनेजर.

सौ. म्हणाली, आता आंघोळ कुठे करायची? म्हटलं, मोठ्या आवाजात बोलू नकोस, ऑडिट घाबरतो.

बुधवार, १९ नोव्हेंबर.

झोनल मॅनेजर बादलीबाहेर उडी मारून गेला. सकाळी फरशीवर सापडला. तुळशीत पुरला. नंतर बघितलं तर बादलीवर सौ.ने जुनी ओढणी बांधून ठेवली होती आणि उरलेल्यांना पोळीचा चुरा घालत होती.

रविवार, २३ नोव्हेंबर.

आज मी जिवंत मासा लावणार होतो. हा तत्त्वत्याग नव्हे. दोन्ही बाजू तपासल्याशिवाय निकाल देणं अन्यायाचं होईल. शिवाय रबराला अजून काहीही लागलेलं नाही, याचा या निर्णयाशी संबंध नाही.

तळ्यावर ऑडिटला हातात घेतलं. गळ दुसऱ्या हातात. तो माझ्याकडे बघत होता.  महेंद्रराव म्हणाले, द्या इकडे, मी लावून देतो. मी म्हणालो, खबरदार.

मग सगळ्यांना तळ्यात सोडून दिलं. दोन शब्द बोललोही. बोलणं संपतंय तोच खंड्या पक्षी आला आणि एकाला उचलून बाभळीवर जाऊन बसला. कोण होता ते बघितलं नाही. मुद्दामच.

महेंद्ररावांनी आज पुन्हा गळ टाकला नाही. रीळ गुंडाळून माझ्या शेजारी नुसते बसून राहिले. आपल्या नोकरीतल्या गमती सांगत होते. एका मंत्र्याने कोरड्या कालव्याचं उद्घाटन केलं आणि आयत्या वेळी टँकरने पाणी सोडलं, ती गोष्ट चांगली होती. हसता हसता विसरलो, की आपण प्रतिस्पर्धी आहोत. पुढच्या वेळी सावध राहायला हवं.

मंगळवार, २५ नोव्हेंबर.

रुचाने सांगितलं, तिने आणि पंकजने रजिस्टर लग्नाची नोटीस दिलीय. महिना जाऊ द्यावा लागतो. सोमवार, २९ डिसेंबर धरलीय.

मी म्हणालो, माझा प्रयोग अपूर्ण आहे, त्यामुळे तारीख प्रस्तावित समजावी. ती म्हणाली, बाबा, प्रस्तावित नाहीये, लग्नाची तारीख आहे. मी म्हणालो, प्रत्येक तारीख मंजूर होईपर्यंत प्रस्तावितच असते. तिने सौ.कडे बघितलं. सौ.ने माझ्याकडे बघितलं नाही.

नमतं घ्यायची वेळ त्यांची आहे.

रविवार, ७ डिसेंबर. डाव्या कानाला बँडेज लावून लिहितोय.

आज गळाला मोठी शिकार लागली. मी.

पूर्ण जोर लावून रॉड मागे नेला आणि पुढे फेकला. रबरी मासा पाण्यात गेला नाही. माझ्या डाव्या कानाच्या पाळीत गेला. हिरवा मासा कानात लटकत होता. पंकज म्हणाला, काका, हलू नका. मी म्हणालो, काही झालेलं नाही, हा फेकण्याचाच एक प्रकार आहे. मग रक्त बघितलं आणि खाली बसलो.

मला त्यांच्या घरी नेलं. यशोधराबाईंनी ओसरीवर बसवलं, हात धुतले आणि माझं डोकं आपल्या कुशीशी घट्ट धरलं. मी उठायला लागलो. त्या म्हणाल्या, भाऊ, डोकं हलवू नका. गळाला उलटा काटा असतो, ओढला तर कान फाटेल. पुढे ढकलून टोक बाहेर काढते, पकडीने तोडते, मग निघेल. आयुष्यभर वॉर्डात हुकूम दिलेल्या बाईचा आवाज. मी हललो नाही.

आईनंतर माझं डोकं असं कुणी धरलेलं नाही. हे वैद्यकीय निरीक्षण म्हणून नोंदवतोय.

गळ निघाला. धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला त्या मला त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. परत आल्यावर मला पुन्हा ओसरीवर बसवलं. त्यांनी साखर जास्त घालून चहा दिला. मी घेतला. औषध म्हणून.

मग बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी. इंजेक्शनवर रिकाम्या पोटी राहू नये म्हणून खाल्लं. दुसरी भाकरीही त्याच कारणासाठी. तिसरी अर्धी मात्र चटणी उरली होती म्हणून.

आक्काबाई समोर बसून बघत होत्या. म्हणाल्या, पोट बरं हाय म्हनायचं तुमचं. मला वाटलं, लई नाजूक हाय.

महेंद्रराव दुसरीकडे बघत होते. हसू दाबत असावेत. किंवा नसावेत. मी ताटाकडे बघत होतो.

सोमवार, ८ डिसेंबर.

कालच्या जेवणाचा अर्थ कुणी वेगळा काढू नये. सौ.ला सांगितलं, भाकरी वेगळी, आमिष वेगळं. ती म्हणाली, भरीत कसं होतं? म्हटलं, तुझ्यापेक्षा तिखट. ती म्हणाली, मग आता हरकत नेमकी कशाला आहे?

मी कानाचं बँडेज बदलायला गेलो.

रविवार, १४ डिसेंबर.

ऐतिहासिक दिवस! रबराला मरळ लागली!

हळू ओढत होतो. पाण्यात खळबळ झाली, रीळ किंचाळलं, रॉड कमानीसारखा वाकला. या वेळी आजूबाजूला म्हैस नव्हती. खात्री करून घेतली. महेंद्रराव उभे राहिले, पंकज धावला, दोघं ओरडत होते, ढील द्या, ढील द्या! मी ढील दिली. सगळीच दिली. रॉड हातातून सुटला आणि तळ्यात शिरून पलीकडच्या काठाकडे निघाला. बराच वेळ दिसत होता. मग दिसेना.

पंकज कपड्यांनिशी पाण्यात उतरला, पण डिसेंबरच्या पाण्यात फार वेळ थांबू नको म्हणून मीच त्याला ओरडलो. त्याला सर्दी होईल याची मला काळजी वाटली, असं नाही. ओला माणूस गाडीत बसला की सीट खराब होतं.

तरी माझं स्वेटर त्याला दिलं. त्याला बरं दिसतं.

निकालाचं विश्लेषण: मासा लागला, हे निर्विवाद. हाती आला नाही, हा तपशील. तत्त्वतः बरोबरी.

रविवार, २१ डिसेंबर.

महेंद्रराव आज तळ्यावर आले नाहीत. घरात रंगरंगोटी चाललीय म्हणे. भिंती कशाला रंगवतात एवढ्यात, कळत नाही.

नवा रॉड घेतलाय. बरोबरी मोडायला हवी. महेंद्ररावांना फोन करून म्हणालो, आता एकदाच काय ते होऊन जाऊ द्या. सोमवारी, २९ तारखेला. ते म्हणाले, अहो, म्हणजे काय! सोमवारी भेटायचंच आहे. तुम्ही फक्त वेळेवर या.

अंतिम फेरी ठरली. तारीख मी विचारपूर्वक निवडलीय. वरपिता तळ्यावर, वधूपिता तळ्यावर. मग त्या दिवशी लग्न होणार कसं? काहीही न बोलता, कुणालाही न दुखावता प्रस्तावित तारीख आपोआप पुढे जाईल. बँकेत मी अशा अनेक गोष्टी पुढे ढकलल्या आहेत.

रविवार, २८ डिसेंबर. संध्याकाळ.

रुचा खोलीत आली. उद्या अकरा वाजता, बाबा. याल ना? म्हणाली.

मी म्हणालो, उद्या तळ्यावर महत्त्वाचं काम आहे.

 तिने माझा पांढरा सदरा इस्त्री करून आणला होता, तो खुर्चीच्या पाठीवर ठेवला. भांडेल असं वाटलं होतं. भांडली असती तर मुद्दे तयार होते. दार हळूच ओढून घेऊन गेली. लहानपणी आपटायची.

सदरा उद्या नेणार नाही. तळ्यावर चुरगळेल.

सोमवार, २९ डिसेंबर. सकाळ. तळं.

घरचे आवरत असताना निघालो. सौ. दारापर्यंत आली. अडवेल असं वाटलं. म्हणाली, गाडीत पेट्रोल भरून घ्या. परत यायचंय. बस, एवढंच.

तळ्यावर धुकं. महेंद्रराव नाहीत. बादली नाही. वाट बघतोय.

अजून नाहीत. रबरी मासा पाण्यात सोडून बसलोय. काही लागत नाही. लागू नये असंही वाटतंय, कारण दाखवायला कुणी नाही.

फोन करून बघितला, उचलत नाहीत. घाबरले असावेत.

त्यांच्या घरी जाऊन बघतो.

सोमवार, २९ डिसेंबर. संध्याकाळ. घरी.

त्यांच्या घराला नवा निळसर रंग, दाराला झेंडूचं तोरण. ओसरीवर आक्काबाई एकट्या. गुडघे दुखतात म्हणून नगरपर्यंत गेल्या नव्हत्या. नवं लुगडं मात्र नेसून बसल्या होत्या. माझ्या गमबुटांकडे बघत राहिल्या.

मी विचारलं, महेंद्रराव कुठायत?

कुठं म्हंजी? लग्नाला. समदी गेली सकाळच्यालाच. तुमी हितं काय करता?

मी म्हणालो, आमची अंतिम फेरी होती.

त्यांनी काठी खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. माझ्या आयुष्यात कुणी इतकं वाईट वाटून माझ्याकडे बघितलेलं नाही. म्हणाल्या, आरं बाबा, पोरगी तुझीच हाय ना? ती दारात उभी ऱ्हायली आसंल रं. जा की.

त्या घरात मला पहिल्यांदाच कुणी अरेतुरे केलं. राग आला नाही. मी पळालो.

सुप्याच्या पुढे ट्रकांची रांग. मी हॉर्न वाजवत होतो. शेजारच्या टेम्पोवाल्याने माझ्या गाडीतला रॉड बघून विचारलं, मासे खराब व्हायलेत का? म्हणालो, लग्न आहे. तो म्हणाला, कुणाचं? मी म्हणालो, माझ्या मुलीचं. हे वाक्य आजवर मी एकदाही म्हटलेलं नव्हतं, हे तिथे, त्या रांगेत लक्षात आलं. तो खाली उतरला आणि त्याने पुढच्या ट्रकला बाजूला घ्यायला लावलं.

नोंदणी कार्यालयाच्या पायऱ्या गमबुटांनी चढलो. शिपाई म्हणाला, मासळीचं ऑफिस इथे नाही. मी म्हणालो, वधूपिता. त्याने वाट दिली, पण मागून बघत राहिला.

आत सह्या झाल्या होत्या.

रुचा मोतिया साडीत बाकावर बसली होती, पंकज शेजारी. त्याच्या अंगात सुटावर माझं स्वेटर. थंडी होती म्हणे. महेंद्रराव आणि यशोधराबाई उभे. सौ. दाराकडे तोंड करून बसली होती. तिने घड्याळ बघितलं आणि पिशवीतून इस्त्रीचा सदरा काढला. घेऊन आली होती.

मी साहेबांना म्हणालो, साक्षीदार म्हणून माझी सही राहिलीय. ते म्हणाले, तीन साक्षीदार लागतात, तीन झाले. पहिली महेंद्ररावांची, दुसरी सौ.ची. तिसरी जागा सगळ्यांनी माझ्यासाठी बराच वेळ रिकामी ठेवली होती. मग साहेबांना मीटिंगला जायचं होतं म्हणून खालच्या झेरॉक्सवाल्याला वर बोलावलं. बजरंग त्याचं नाव. तो अजून तिथेच पेढा खात उभा होता. मला म्हणाला, अभिनंदन काका, तुम्ही कुणाकडचे?

मी पेढा घेतला.

रुचा उठून आली. मला वाटलं, आता बोलेल. बोलायला हवंच होतं. तिने पदराने माझ्या गालावरचा चिखल पुसला आणि म्हणाली, आलात ना. झालं. गमबूट काढा बाबा, फोटो राहिलाय.

फोटोसाठी थांबले होते. फोटोत मी मधोमध आहे, पायात फक्त मोजे. डाव्या मोज्याला भोक आहे. अंगठा दिसतो.

मंगळवार, ३० डिसेंबर.

घर शांत. रुचाच्या खोलीचं दार मी दोनदा विनाकारण उघडलं.

दुपारी महेंद्ररावांचा फोन. पोरं मजेत आहेत, रुचाला आक्काबाईंनी पहिल्याच दिवशी भाकरी थापायला बसवलंय, नकाशे होतायत. मग विचारलं, रविवारी येताय ना तळ्यावर?

मी म्हणालो, येईन. पण आधी निकाल काय धरायचा ते ठरवू. ते म्हणाले, कसला निकाल? मी म्हणालो, अहो, रबर की जिवंत मासे. इतके महिने स्पर्धा चालली होती ना आपली.

 

ते म्हणाले, नृसिंहराव, खरं सांगू का? तुमची स्पर्धा होती हे मला माहीतच नव्हतं. मुलगी जाणार, तुम्ही निवृत्त, घरी करमत नसेल, म्हणून येता असं आम्हाला वाटायचं. मी यशोधराला म्हणायचो, बिचाऱ्यांना मासा लागत नाही तरी येतात.

फोन ठेवल्यावर सौ.ने विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, मग बरोबरच आहे की त्यांचं.

मी थोडा वेळ तिच्यासमोर बसलो. मेथीच्या काड्या वेगळ्या करून दिल्या.

रविवारी जाणार आहे. काही लावणार नाही, नुसता बसेन.